आरोग्य संशोधन पद्धती

आजार कोणाला होतो, कशामुळे होतो आणि कोणत्या उपायाने हटतो, या प्रश्नांची इतरांनाही पडताळून पाहता येतील अशी उत्तरे शोधण्याची शिस्त. तिचा कणा तुलना हा आहे. ‘औषध घेतले आणि बरे वाटले’ हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा ठरत नाही. पुष्कळ आजार आपोआप बरे होतात. शिवाय माणूस औषध घेतो ते बहुधा त्रास टोकाला गेल्यावर, आणि त्यानंतर उतार पडायचाच असतो. औषध घेतले नसते तर काय झाले असते, हे त्या एका माणसात कधीच दिसत नाही. त्यासाठी त्याच्यासारख्या इतरांकडे पाहावे लागते.

संशोधनाची सुरुवात नेमक्या प्रश्नाने होते. ‘चालणे चांगले का?’ यावर संशोधन करता येत नाही. ‘उच्च रक्तदाब असलेल्या साठीपुढील व्यक्ती रोज अर्धा तास चालल्या, तर न चालणाऱ्यांच्या तुलनेत तीन महिन्यांत त्यांचा रक्तदाब उतरतो का?’ यावर करता येते. काय मोजायचे हे आधीच ठरवून लिहून ठेवतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० गोष्टी मोजल्या आणि ५ टक्क्यांची प्रचलित मर्यादा लावली (केवळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल, तरच तो ‘लक्षणीय’ मानायचा), तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना सरासरी एक गोष्ट निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ ठरते. नंतर तेवढीच उचलून दाखवणे ही फसवणूक होय, मग ती नकळत झालेली का असेना.

निरीक्षणात्मक अभ्यासात संशोधक हस्तक्षेप करत नाही. रुग्ण-नियंत्रण अभ्यासात एखादा आजार झालेल्या आणि तो न झालेल्या व्यक्तींच्या पूर्वायुष्याची तुलना होते. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये असाच दाखवला. समूह अभ्यासात लोकांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतात. या पद्धतींची दुखरी बाजू म्हणजे गोंधळ उडवणारे तिसरेच घटक. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांत हृदयविकार कमी असतो, असे अनेक निरीक्षणे सांगत होती. पण या स्त्रिया मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या होत्या. १६,६०८ स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही संप्रेरके एकत्र देऊन पाहिली, तेव्हा हृदयाला संरक्षण मिळाले नाहीच, उलट धोका किंचित वाढला. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाणही वाढल्याने २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली.

यावरचा उतारा म्हणजे यादृच्छिक विभागणी : कोण कोणत्या गटात जाणार हे केवळ योगायोगावर सोपवणे. त्यामुळे ज्ञातच नव्हे, तर अज्ञात फरकही दोन्ही गटांत साधारण सारखे वाटले जातात. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी याचा पायंडा मानली जाते. औषध तुटपुंजे होते. प्रत्येक रुग्णाची वाटणी बंद लिफाफ्यात ठेवलेली असे आणि रुग्ण दाखल करून घेण्याचा निर्णय झाल्यावरच लिफाफा उघडला जाई. एखाद्या रुग्णाबद्दल कणव वाटली, तरी डॉक्टरला त्याचा गट निवडता येत नसे. क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांनाही कोणते चित्र कोणत्या गटातले हे ठाऊक नव्हते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ जण दगावले. केवळ अंथरुणावरील विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४.

अनुभव, भीती, उपचार अर्धवट सोडण्याची कारणे असे प्रश्न आकड्यांत मावत नाहीत. त्यांसाठी मुलाखती आणि गटचर्चा अशा गुणात्मक पद्धती वापरतात.

स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतील विश्रांती गटाला आपण तुलनेसाठी घेतलेले रुग्ण आहोत, हे कधी सांगितलेच नव्हते. आजच्या नियमांत हे बसत नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना, पेनिसिलिन हे त्यावरचे औषध उपलब्ध झाल्यावरही, उपचारांविना ठेवले गेले; हे उघड झाल्यावर नियम आणखी कडक झाले. आता नैतिकता समितीच्या मान्यतेशिवाय माणसांवरील औषधाची चाचणी सुरू करता येत नाही. सहभागी व्यक्तीला सारे समजावून तिची संमती घ्यावी लागते आणि तिला केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते.