खाडा आणि आजारपण : खानदेशातील असंघटित कामगारांचे आरोग्य-संरक्षण

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत महिन्याचा ठरलेला पगार नसलेल्यांना, म्हणजे शेतमजूर, सालदार (वर्षाच्या बोलीवर राहणारे शेतगडी), ऊसतोड कामगार, हमाल, रिक्षावाले, हातगाडीवाले यांना आजारपणात मिळणारा आधार. तो दोन प्रकारचा असतो : औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ सालच्या १०२ क्रमांकाच्या करारात या दोन स्वतंत्र शाखा धरल्या आहेत. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. खानदेशात पहिल्याची बरीच सोय झाली आहे. दुसऱ्याची जवळजवळ नाही, आणि घर मोडते ते बहुधा दुसऱ्यामुळे. कामाविना गेलेला असा दिवस म्हणजे खाडा; खानदेशच्या अहिराणी बोलीत त्यालाच ‘रोज बुडना’ म्हणतात.

रोजगाराच्या पद्धतीप्रमाणे खाड्याचा हिशेब बदलतो. पाडवा ते आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास सालदाराचे साल ठरते. त्याने वर्षभरात केलेले खाडे साल संपताना भरून द्यायचे, नाहीतर ठरलेल्या रकमेतून वळते व्हायचे, असा रिवाज. रावेर-यावल पट्ट्यात केळीची काढणी टोळीने होते. कापणाऱ्याने घड उतरवला की खांद्यावर चुंबळ घेतलेला गडी तो गाडीपर्यंत नेतो; चिकाचे काळपट डाग पडलेला त्याचा सदरा कितीही धुतला तरी निघत नाही. तापाने पडलेल्या गड्याचा वाटा जातो आणि उरलेल्यांच्या खेपा वाढतात. सर्वांत कठीण अवस्था ऊसतोडीत. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्यातून जोडपी गुजरातेत जातात. नवराबायको मिळून एक कोयता. एक आजारी पडला की कोयता अर्धा, आणि खाड्याचा दंड अनेकदा मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत चढतो. आजारपणात मदत मिळण्याऐवजी कर्ज वाढते, ही उलटी तऱ्हा.

खाड्याची भरपाई देणारी खरी योजना एकच, १९४८ च्या कायद्याने आलेला कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत, २१,००० रुपयांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्यांना तो लागू होतो. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. मालक ३.२५ आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत हजेरीपटावर असलेल्याला हे मिळू शकते. तिथल्याच एखाद्या दालमिलच्या दारात पोत्यामागे पैसे घेणाऱ्या हमालाचे नाव पटावर नसते. धुळ्यातल्या घरगुती यंत्रमागावर दहा माणसे भरतच नाहीत. स्वतःची रिक्षा चालवणाऱ्याला तर मालकाचा हिस्सा भरणारा मालकच नाही.

उपचारांची बाजू बरी आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होता. पुढे तिला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव मिळाले आणि ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले.

पण आयुष्मान-फुले कार्ड चालते ते दाखल झाल्यावर. चार दिवसांचा ताप, कंबरेची लचक, मे महिन्यातला उन्हाचा झटका यांत ते खिशातच राहते. मोफत दवाखाना असला तरी रांगेत रोज जातो, म्हणून मजूर संध्याकाळी गावातल्या खासगी डॉक्टरकडे सलाईन लावून घेतो आणि सकाळी पुन्हा कामावर. शस्त्रक्रिया फुकट झाली तरी धडगावहून नंदुरबारला आलेल्या रुग्णाजवळ बसणाऱ्याचाही रोज बुडतो, तो कोणत्याच हिशेबात येत नाही. सातपुड्यातील भिल्ल-पावरा समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ही फट जास्त जाणवते : वेदनेचे झटके वर्षातून अनेकदा येतात, प्रत्येक वेळी दाखल व्हावे लागतेच असे नाही, काम मात्र प्रत्येक वेळी थांबते. क्षयरोग्याला नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये मिळतात, पण ते पोषणासाठी, मजुरीपोटी नव्हे.

बांधकाम मजुरांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नाक्यावर रोज नवा ठेकेदार गाठणाऱ्याला तो मिळवणे हेच एक काम होऊन बसते. असंघटित कामगारांच्या ऑगस्ट २०२१ पासूनच्या ई-श्रम नोंदणीने ओळख क्रमांक दिला, आजारपणाचा भत्ता नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना प्रथमच कायद्यात नाव दिले आणि कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदानाची तरतूद केली.

प्रत्यक्षात आजारपणाचा विमा घरातच उतरवलेला असतो. बचतगटाचे कर्ज, भिशी, दुकानदाराकडची उधारी आणि शेवटी बाईच्या गळ्यातली पोत. ती गहाण ठेवायला सराफाकडे जाण्यासाठीही एक रोज मोडावा लागतो.