माउंटन बाइक भाड्याने नेताय? आधी एवढं वाचा

मावळातल्या ज्या वाटांसाठी तुम्ही आमच्याकडून माउंटन बाइक नेता, त्या सायकलींसाठी झालेल्या नाहीत. लोहगड-विसापूरच्या पायथ्याची एखादी वाट कुणाची शेतावर जायची असते, कुणाची गुरांची, कुणाची शाळेची. आपण तिथे मागाहून आलोय.

डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागून घंटी वाजवलीत तर ती दचकते आणि नेमकी तुमच्याच बाजूला सरकते. म्हणून वेग आधीच कमी करा, लांबूनच आवाज द्या, ‘मावशी, मागून सायकल येतेय, सावकाश चला.’ जागा होईपर्यंत मागे थांबा. गुरं दिसली तर घंटीचा काडीचा उपयोग नाही. सरळ उतरा, डोंगराच्या बाजूला उभे राहा आणि गुराखी सांगेल तेव्हा निघा. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका.

समोरून सायकलवाला चढ चढत येत असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं. चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात करताना काय हाल होतात, ते स्वतः चढलात की कळेलच.

बांधांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण ही चूक आमच्याकडूनच झाली आहे. एका जुलैत आमच्या राईडमधल्या सहा सायकली भातखाचराच्या ओल्या बांधावरून गेल्या. बांधाला बोटभर खाच पडली, रात्री पाऊस झाला आणि सकाळपर्यंत खाचरातलं पाणी खालच्या शेतात. नुकतीच लावणी झालेली. दुसऱ्या दिवशी आम्ही फावडी घेऊन गेलो, बांध घातला आणि काकांची बोलणीही खाल्ली. तेव्हापासून नियम एकच: बांधावर सायकल चालवायची नाही. दुसरी वाटच नसेल तर शेतकऱ्याला विचारायचं आणि सायकल खांद्यावर घ्यायची.

आमच्या सगळ्या सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला आहे. निघण्यापूर्वी दुकानासमोर दोन फेऱ्या मारून अंदाज घ्या. तीव्र उतारावर पुढचा एकदम आवळलात तर हँडलवरून पुढे पडाल. मागचा आवळून चाक घासत नेलंत तर वाटेत चर पडते आणि पावसाचं पाणी त्याच चरीतून माती घेऊन जातं. त्यापेक्षा सीटवरून उठा, बूड मागे न्या, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवा आणि दोन्ही ब्रेक थोडे थोडे वापरा. शेवाळलेल्या कातळावर ब्रेक नको आणि वळणही नको. खात्री नसेल तर उतरून चाला. आम्हीसुद्धा चालतो.

हेल्मेट भाड्यातच आहे, ‘नको’ म्हणालात तर सायकलही मिळणार नाही. डोंगराआड मोबाइलला रेंज जाते, म्हणून कुठून जाणार आणि कधी परतणार हे काउंटरवर लिहून जा. अपघात झाला तर १०८ ला अँब्युलन्स, इतर मदतीला ११२. पावसाळा संपला की गवत वाळतं, तेव्हा सिगारेट पेटवूच नका, एका थोटकाने वणवा लागतो.

सायकल चिखलाने माखलेली आणलीत तरी जादा पैसे घेत नाही. कृपा करून ती वाटेतल्या ओढ्यात धुऊ नका. साखळीचं तेल पाण्यात उतरतं, आणि खाली गुरं तेच पाणी पितात. धुण्याचं काम आमचं.