खोल पाण्यात जिवाणूंची भूक का मंदावते?

मिरकरवाड्याच्या जेटीवर बांगडा उतरला की आधी बर्फाची घाई होते. थंडीत मासळी उशिरा नासते, हे कोळणीला कुणी शिकवावं लागत नाही. खोल समुद्राला मात्र एवढा हिशेब पुरत नाही. तिथे थंडीच्या जोडीला दाब असतो: दर १० मीटरला, म्हणजे साधारण साडेपाच वावांना, एका वातावरणाइतका, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढत जाणारा.

दाबाचा प्रश्न जुनाच आहे. फ्रान्सचे सर्त १८८० च्या दशकातच ५,००० मीटरवरच्या नमुन्यांतले जिवाणू तपासत होते. झोबेल आणि जॉन्सन यांनी १९४९ मध्ये दाबप्रिय जिवाणूंना शास्त्रीय नाव दिलं. पण खरी कलाटणी दिली ती एका अपघाताने. ऑक्टोबर १९६८ मध्ये अमेरिकेची ‘अल्विन’ पाणबुडी दोर तुटून सुमारे १,५४० मीटर खोल बुडाली. माणसं वाचली, जेवण आत राहिलं. दहा महिन्यांनी वर काढलं, तर सँडविच, सफरचंदं आणि सूप जवळजवळ जसंच्या तसं! तेच अन्न ३ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवल्यावर काही आठवड्यांत खराब झालं. थंडी तीच होती, फरक दाबाचा होता. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यानाश आणि सहकाऱ्यांनी मग बाटल्या खोल पाण्यात सोडून पाहिल्या. तेवढ्याच थंडीत, पण दाबाशिवाय ठेवलेल्या बाटल्यांपेक्षा तिथे अन्न १० ते १०० पट सावकाश वापरलं गेलं.

असं का होतं? थंडीत खोबरेल थिजतं, ते डोळ्यांसमोर आणा. जिवाणूच्या पेशीभोवतीचं पटलही स्निग्ध पदार्थांचं असतं. थंडीने ते घट्ट होतं आणि दाबानेही. अमिनो आम्लं, साखर आत ओढणारी प्रथिनं त्याच पटलात बसलेली असतात, त्यामुळे त्यांचं काम अडतं. दाबाचा परिणाम इतरत्रही होतो, पण मला अन्न आत घेणारं हे दारच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अल्विनमधले जिवाणू बहुधा वरच्या पाण्यातले, दाबाला नवखे. यायानोस यांनी १९७९ मध्ये दाबातच जोमाने वाढणारा जिवाणू वेगळा काढून दाखवला. अशांच्या पटलात असंतृप्त स्निग्धाम्लं जास्त असतात, म्हणून ते थिजत नाही.

आपल्या ट्रॉलरांच्या ४० वाव पाण्यात दाब जेमतेम सात वातावरणांनी वाढतो. तिथे जिवाणूंवर चालतो तो मुख्यतः तापमानाचा अंमल, पावसाळ्यात खालून वर येणाऱ्या गार पाण्याचा. किनाऱ्यालगतचा उथळ खंडमंच संपून अरबी समुद्र ३,००० मीटरच्या खाली गेला की दाब तीनशेच्या घरात जातो, आणि वरून पडलेला कण फोडायला दाबाला सरावलेलेच जिवाणू लागतात.