गेममधील प्रकाशातीत प्रवासाचे दृश्यांकन

अवकाशयानाच्या सिम्युलेशन गेममध्ये यान प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जात असताना खेळाडूला खिडकीतून काय दिसावे हे ठरवणे आणि ते पडद्यावर उमटवणे, याला प्रकाशातीत प्रवासाचे दृश्यांकन म्हणता येईल. प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २,९९,७९२ किमी. त्यापलीकडचा प्रवास कोणीच केलेला नाही, त्यामुळे पाहून नक्कल करावी असे काही समोर नसते. तरीही बहुतेकांच्या मनात एकच चित्र पक्के बसलेले आहे: समोरचे तारे ताणले जातात, त्यांच्या रेघा होतात आणि रेघा चारी बाजूंनी मागे धावतात. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाने ते जगभर रुजवले.

हिशोब मांडला की हे चित्र टिकत नाही. यान प्रकाशाच्या हजारपट वेगाने चालले आहे आणि बाजूला एक प्रकाशवर्ष अंतरावर एक तारा आहे, असे धरू. तो तारा खिडकीतून तासाला जेमतेम साडेसहा अंश सरकेल. पूर्ण चंद्राच्या रुंदीइतके सरकायलाच त्याला साडेचार मिनिटे लागतील. याच वेगाने सूर्यापासून निघून प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सर्वांत जवळचा तारा सुमारे दीड दिवसात गाठता येतो, पण त्या दीड दिवसात आकाश जवळजवळ जागच्या जागी असते. बाजूच्या ताऱ्याने एका सेकंदात निम्मा पडदा ओलांडावा असे वाटत असेल, तर वेग सेकंदाला एक प्रकाशवर्षाच्या घरात लागतो, म्हणजे प्रकाशाच्या तीन कोटींहून अधिक पट. आणि तेवढा वेग दिला तरी सूर्याच्या परिसरात तारे इतके विरळ आहेत की एक प्रकाशवर्षाच्या आतून जाणारा तारा सव्वा मिनिटात एखादाच भेटेल.

मग गेममध्ये सरसर मागे जाते ते काय? बहुतेक वेळा ती धूळ असते. कॅमेऱ्याभोवती एक अदृश्य ठोकळा कल्पून त्यात काहीशे ठिपके विखुरलेले असतात. ठिपका ठोकळ्याच्या मागच्या भिंतीबाहेर गेला की तोच पुढच्या भिंतीतून पुन्हा आत सोडतात. त्याची रेघ करायची युक्तीही साधी आहे: मागच्या फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावर आधी उमटलेल्या चित्रात, तो जिथे होता तो बिंदू आणि आताचा बिंदू जोडायचा. खरे तारे या सगळ्याच्या मागे, आकाशपेटीच्या, म्हणजे सगळ्या दृश्याला वेढणाऱ्या मोठ्या पेटीच्या, आतल्या बाजूला रंगवलेले, स्थिर असतात. या धुळीला फसवणूक म्हणणे मला पटत नाही. वेग डोळ्याला कळायला जवळ काहीतरी हलावे लागते आणि रिकाम्या अवकाशात ते नसते.

भौतिकशास्त्र स्वतः जे चित्र देते ते याच्या जवळजवळ उलटे आहे. वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाला प्रकाश पुढच्या बाजूने येतोसा भासतो. खगोलशास्त्रज्ञ जेम्स ब्रॅडलीने १७२८ मध्ये पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणामुळे ताऱ्यांच्या जागांत पडणाऱ्या किंचित फरकातून हा परिणाम ओळखला. त्याला ॲबरेशन म्हणतात. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला बरोबर बाजूचा तारा प्रवासाच्या दिशेपासून अवघ्या ८ अंशांवर दिसतो. म्हणजे वेग वाढत जातो तसे तारे मागे न पळता समोर गोळा होतात. सोबत डॉपलर परिणाम, म्हणजे गतीमुळे प्रकाशाची वारंवारता बदलणे, असतोच. या वेगाला नेमका समोरून येणारा प्रकाश चौदापट वारंवारतेचा होतो, दृश्य प्रकाश अतिनील किरणांत जातो आणि एरवी न दिसणारे अवरक्त किरण दिसू लागतात. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या गेम लॅबने २०१२ मध्ये काढलेल्या ‘अ स्लोअर स्पीड ऑफ लाइट’ या छोट्या गेममध्ये प्रकाशाचाच वेग हळूहळू कमी केला जातो आणि हे परिणाम चालता चालता अनुभवता येतात.

पण ही सूत्रे प्रकाशाच्या वेगाशी संपतात. वेग त्याहून जास्त घातला की वर्गमुळाखाली ऋण संख्या येते, शेडरला (पडद्यावरचे रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) उत्तर सापडत नाही आणि अनेकदा आकाश काळे पडते. इथे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांचा १९९४ चा प्रस्ताव कामी येतो. त्यात यान स्वतः वेगाने जात नाही. पुढचे अवकाश आकुंचन पावते, मागचे पसरते आणि मधल्या बुडबुड्यात यान स्वस्थ असते. या बुडबुड्याच्या आतून काय दिसेल याचे गणित क्लार्क, हिस्कॉक आणि लार्सन यांनी १९९९ मध्ये केले. पुढच्या अर्ध्या आकाशातले तारे इथेही समोर सरकतात आणि मागे एक शंकूच्या आकाराचा प्रदेश तयार होतो, जिथला प्रकाश यानापर्यंत पोहोचूच शकत नाही. मान वळवून मागे पाहावे तर तिथे नुसता अंधार. रेघांच्या गर्दीपेक्षा हे दृश्य मला कितीतरी अधिक अंगावर येणारे वाटते आणि ते मोजक्याच गेमनी वापरावे याची खंत वाटते.

गेममध्ये दृश्याला दुसरेही काम असते. डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल यांच्या १९८४ च्या ‘एलिट’ या गेममध्ये एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे उडी घेताना पडद्यावर एकात एक वर्तुळे पसरत, तेवढ्यावर बोगद्याचा भास पुरेसा होई. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मधला बोगदा पुढची तारकाप्रणाली लोड होईपर्यंत खेळाडूला गुंतवून ठेवतो.

आकड्यांचा त्रासही मोठा असतो. गेममध्ये जागा मोजायला वापरल्या जाणाऱ्या ३२ बिटी दशांश संख्येत सुमारे सात अंकच अचूक राहतात. उगमबिंदू, म्हणजे जिथून सगळी अंतरे मोजतात तो बिंदू, सूर्यावर ठेवून मीटरमध्ये मोजले, तर पृथ्वीच्या अंतरावर सर्वांत लहान पाऊल १६ किमीचे होते आणि कॉकपिट थरथरू लागते. म्हणून यान उगमबिंदूवर ठेवून विश्वच सरकवतात. शिवाय सेकंदाला ६० फ्रेम धरल्या, तर प्रकाशाच्या हजारपट वेगाने एका फ्रेममध्ये सुमारे ५० लाख किमी कापले जातात. सूर्याचा व्यास १४ लाख किमी. म्हणजे यान एका फ्रेममध्ये सूर्याच्या अलीकडे आणि पुढच्या फ्रेममध्ये पलीकडे असू शकते. टक्कर पकडायची तर दोन जागांमधली संपूर्ण रेषा तपासावी लागते.

पोहोचण्याचा क्षण सर्वांत अवघड. याच वेगाने सूर्यापासून पृथ्वीइतक्या अंतरावरून सूर्याकडे निघाले, तर अर्ध्या अंशाचा तो ठिपका अर्ध्या सेकंदात सगळा पडदा व्यापतो. डोळ्याला काही कळायच्या आत सारे संपते. म्हणून उरलेल्या अंतराच्या प्रमाणात वेग उतरवत नेतात. ‘एलिट डेंजरस’चे खेळाडू उरलेला वेळ सात सेकंदांवर धरून ठेवायला शिकतात. त्या सातावर काटा स्थिर राहिला की समोरचा ग्रह एकाच लयीत मोठा होत जातो, आधी ठिपका, मग नाण्याएवढा, मग ढगांच्या पट्ट्यांसह.