ड्रोन फेरे वाढवतो, हेलिकॉप्टर कोन वाढवतं

दिंडोरीकडे द्राक्षबागेत डावणी या बुरशीरोगासाठी ड्रोनने फवारणी चालली असेल, तर बांधावर उभं राहून नुसता आवाज ऐका. भरलेली टाकी घेऊन उठताना सूर चढतो. टाकी रिकामी होत आली की उतरतो. मग नाशिकरोडला गांधीनगरवर घिरट्या घालणारं लष्कराचं चीता किंवा चेतक हेलिकॉप्टर ऐका. वर चढताना धडधड जड होते, पण ठेका तोच राहतो.

पंखा जोरात फिरला की यंत्र वर जातं, असं आपण धरून चालतो. ड्रोनपुरतं ते खरं आहे. त्याच्या पात्यांचा कोन पक्का, पंखे हलके, मोटर विजेची. फेरे क्षणात वाढतात-घटतात.

हेलिकॉप्टरला ही चैन नाही. चीताचा पंखा ११ मीटरचा, मिनिटाला साधारण ३५० फेरे. एवढं धूड दर वेळी पळवायचं नि आवरायचं म्हटलं तर हेलिकॉप्टर हाताला कधी वेळेवर दाद देणारच नाही. म्हणून पायलट डाव्या हाताचा दांडा, म्हणजे कलेक्टिव्ह, वर ओढतो. तिन्ही पाती एकदम जास्त तिरकी होतात, हवा जोराने खाली ढकलली जाते. त्यासरशी हवेचा अडथळाही वाढतो आणि फेरे पडायला लागतात. ते सावरायला इंजिनाला जादा इंधन जातं. कमाल आहे ती फेरे न बदलू देण्यात.

मग कायमच जास्त फेरे का ठेवत नाहीत? पात्याच्या टोकाकडे बघा. ते ताशी ७२०-७३० किलोमीटरने धावत असतं. हेलिकॉप्टर १८० ने निघालं की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला ९०० चा वारा लागतो, मागे जाणाऱ्याला जेमतेम ५५० चा. फेरे वाढवले तर पहिलं आवाजाच्या वेगाकडे सरकतं: गोंगाट वाढतो, इंधन फुकट जातं. घटवले तर दुसरं उचल, म्हणजे वर नेणारा जोर, सोडतं, आणि उचल वेगाच्या वर्गाने बदलते. त्याच कोनात फेरे २० टक्के कमी झाले तर उचल ३६ टक्क्यांनी जाते. ३२ मीटर पंख्याचं रशियन एमआय-२६ मिनिटाला फक्त १३२ फेरे घेतं, तरी त्याचं टोक ताशी ८०० च्या घरातच असतं.

वजन कमी, वेग कमी असताना मात्र फेरे उतरवले तर इंधन वाचतं. बोइंगच्या विनापायलट ए-१६० हमिंगबर्डमध्ये ती सोय होती. २००८ मध्ये ते एका दमात १८ तासांहून जास्त उडालं. त्यासाठी पाती हलकी आणि ताठ करावी लागली, कारण नेहमीची पाती एकाच वेगासाठी बेतलेली असतात, भलत्या फेऱ्यांवर ती थरथरायला लागतात.