एकाच कॉलच्या अनेक ब्रँच: ब्रँचनिहाय नोंद कशी वाचावी

आपल्या कार्यालयातील एखादे एक्स्टेन्शन टेबलावरचा फोन, लॅपटॉपवरील सॉफ्टफोन आणि मोबाइलमधील ॲप अशा तीन ठिकाणी रजिस्टर केलेले असेल, तर त्यावर येणाऱ्या कॉलला आमच्या सिप (इंटरनेटवरून कॉल जोडण्याची पद्धत) सर्व्हरवर तीन फाटे फुटतात. यालाच फोर्किंग म्हणतात आणि प्रत्येक फाट्याला ब्रँच. कॉल करणाऱ्याला यांपैकी एकच निकाल कळतो आणि बिलासोबतच्या कॉल-यादीतही एकच ओळ येते. त्यामुळे ‘टेबलावरचा फोन वाजलाच नाही’ या तक्रारीचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. ते ब्रँचनिहाय नोंदीत पाहावे लागते.

२००२ सालच्या आरएफसी ३२६१ या मानकानुसार तिन्ही ब्रँचचा कॉल-आयडी (कॉलची ओळख) आणि फ्रॉम-टॅग (कॉल करणाऱ्या बाजूची खूण) एकच राहतो. त्या वेगळ्या ओळखता येतात त्या व्हाया हेडरमधील (संदेशाचा मार्ग सांगणाऱ्या ओळीतील) ब्रँचच्या मूल्यामुळे. आम्ही वापरत असलेला कामायलिओ सर्व्हर त्या मूल्याच्या शेवटी ०, १, २ असा क्रमांक जोडतो. फेल्युअर रूट (कॉल न लागल्यास सर्व्हरवर चालणारा आदेशांचा भाग) मात्र सर्व ब्रँच अपयशी ठरल्यावरच, तोही निवडलेल्या एकाच उत्तरासह चालतो. म्हणून आम्ही प्रत्येक ब्रँचचे अंतिम उत्तर (तीन अंकी कोड) ते येताक्षणीच स्वतंत्रपणे नोंदवतो.

समजा, नोंदीत ब्रँच ० म्हणजे टेबलावरचा फोन असून तिथे आधी १८० (फोन वाजत आहे) व नंतर ४८७ (कॉल रद्द झाला) आहे, ब्रँच १ वर, म्हणजे लॅपटॉपवर, ४०८ (मुदत संपली) आहे आणि ब्रँच २ वर, म्हणजे मोबाइलवर, १८० व २०० (कॉल उचलला) आहे. याचा अर्थ असा की कॉल मोबाइलवर उचलला गेला आणि टेबलावरचा फोन वाजत असतानाच सर्व्हरने त्याला कॅन्सल पाठवून थांबवले. येथील ४८७ हा बिघाड नाही, ती केवळ पोच आहे. ४०८ कडे मात्र लक्ष द्यावे, कारण तो लॅपटॉपने पाठवलेला नसून तिकडून काहीच उत्तर न आल्याने मुदत संपल्यावर सर्व्हरनेच नोंदवलेला असतो. अशा वेळी बहुधा लॅपटॉप झोपलेला असतो, किंवा रजिस्ट्रेशनची मुदत संपण्याआधीच राउटरने तो मार्ग बंद केलेला असतो.

सर्वाधिक गोंधळ ६०३ (नकार) या उत्तराने होतो. काही फोनवर ‘रिजेक्ट’ दाबले की ४८६ (व्यस्त) ऐवजी ६०३ जातो, आणि सहाशेच्या वर्गातील उत्तर म्हणजे ‘ही व्यक्ती कुठेच उपलब्ध नाही’ असे मानकात धरलेले असल्याने सर्व्हर उरलेल्या सर्व ब्रँच रद्द करतो. एकाने मोबाइलवर कॉल नाकारला आणि शेजारच्या सहकाऱ्याचा फोनही गप्प झाला, असे दिसल्यास नोंदीत ६०३ शोधावा. उपायही सोपा आहे: फोनच्या सेटिंगमध्ये नकाराचे उत्तर ४८६ ठेवावे. आमच्या मते सामाईक एक्स्टेन्शनवर हे पहिल्याच दिवशी करून घ्यावे.

कॅन्सलसोबत ‘कॉल दुसरीकडे उचलला गेला’ हे कारणही पाठवता येते. ते समजणारे फोन अशा कॉलची मिस्ड कॉलमध्ये गणना करत नाहीत. जुन्या फोनमध्ये ही सोय नसते, म्हणून तिथे नाहक मिस्ड कॉल दिसत राहतात.

क्वचित दोन ठिकाणी एकाच क्षणी फोन उचलला जातो. तेव्हा दोन्ही ब्रँचवर २०० येतो, सर्व्हर दोन्ही उत्तरे पुढे पाठवतो आणि कॉल करणाऱ्याचे उपकरण एक संभाषण ठेवून दुसरे बंद करते. एकाच कॉल-आयडीखाली दोन टू-टॅग (कॉल घेणाऱ्या बाजूच्या खुणा) दिसल्यास ते बिलातील दुबार नोंद समजू नये.

तक्रार नोंदवताना एक्स्टेन्शन, कॉलची वेळ आणि कोणते उपकरण वाजले नाही, एवढे कळवावे. तोपर्यंत ते उपकरण शक्यतो रीस्टार्ट करू नये, कारण रीस्टार्टनंतर ते नव्याने रजिस्टर होते आणि मूळ दोष कोणत्या पत्त्यावर होता हे पडताळणे अवघड जाते.