अळीचं नाक

"तुमी विज्ञान शिकवता ना जी? मंग सांगा, हिचं नाक कोठं हाय?" गडचिरोलीतल्या आरमोरीजवळच्या जंगलात कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, घेणाऱ्या काकांनी ऐनाच्या फांदीवरून एक हिरवी, गुबगुबीत अळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. सोबत आलेल्या बारावीतल्या भाच्यानं लगेच डोक्याकडं बोट दाखवलं. काका हसले आणि त्यांनी अळीची कूस दाखवली. तिथं सदऱ्याच्या गुंड्यांसारखे बारीक लंबगोल ठिपके ओळीनं होते.

ती श्वासरंध्रं. एका बाजूला 9, म्हणजे वक्षावर एक आणि उदरावर आठ. दोन्ही बाजू मिळून 18 नाकं! डोक्यावर जबडे, साधे डोळे आणि खालच्या ओठापाशी रेशीम सोडणारं छिद्र असतं, पण श्वासाची सोय तिथं नसते. 1669 मध्ये इटलीतल्या मार्सेलो माल्पिघीनं रेशीमअळीची चिरफाड करून लिहिलं, त्यात कुशीवरची ही छिद्रं तेलानं बुजवली की अळी मरते हेही होतं.

छिद्रातून आत गेलं की श्वासनलिका सुरू होते. मोटरपंपाचा सक्शन पाइप आठवा. आत कडी असते म्हणून तो ओढ बसली तरी चिपकत नाही. या नलिकेलाही आतून कायटिनचं (कीटकाचं कवच ज्याचं बनतं त्या पदार्थाचं) तसंच वळसेदार कडं असतं. पुढे तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि शेवटच्या केसाहून बारीक नळ्या थेट पेशींपर्यंत पोचतात. ऑक्सिजन वाहायचं काम रक्ताकडं नाहीच, म्हणून त्यात रक्ताला लाल करणारं हिमोग्लोबिन लागत नाही. कपाशीतली अळी चिरडली की हिरवट-पिवळट पाणी निघतं ते यामुळं. (डास मारल्यावर तळहातावर दिसणारं लाल रक्त बहुतेक वेळा आपलंच असतं.)

आता थोडं गणित. हवेत ऑक्सिजन पाण्यापेक्षा सुमारे 10,000 पट वेगानं विसरित होतो, म्हणजे आपोआप पसरतो, म्हणून हवेनं भरलेल्या नळ्या परवडतात. पण विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: अंतर दुप्पट तर वेळ चौपट, दहापट तर शंभरपट. त्यामुळं नुसत्या विसरणावर शरीर फार मोठं करता येत नाही. नाकतोडा पोट आकुंचित-प्रसरित करून हवा खेळवतो, तरी मर्यादा राहतेच. 'बैलाएवढा विंचू सापडला' असे व्हिडिओ पुढं पाठवणाऱ्यांनी हा वर्ग करून बघावा. विंचू कीटक नाही, त्याची फुप्फुसं वहीच्या पानांसारखी असतात, पण बैलाएवढं शरीर त्यांच्यानंही चालायचं नाही.

आणि हो, पिकावर अळी आली म्हणून धुऱ्यावर लिंबू-मिरची टांगणाऱ्यांनाही एक विनंती. अळी पतंगाच्या अंड्यातून येते, कुणाच्या नजरेतून नाही. अंडी पानाच्या खालच्या बाजूलाही शोधा.

परतताना काकांनी तुरीच्या झाडाला अडकलेली नाकतोड्याची वाळलेली कात काढून भाच्याच्या हातात दिली. त्यानं ती उन्हाकडं धरली. आत पांढरे, रेशमासारखे धागे लोंबत होते. कात टाकताना श्वासनलिकांचं आतलं अस्तरही छिद्रांतून उलटं ओढलं जातं. नाकतोडा नवीन नळ्या घेऊन उडून गेला होता, जुन्या इथं राहिल्या होत्या.

"हे तं मले बी माहीत नव्हतं," काका म्हणाले आणि ती कात त्यांनी जपून खिशात ठेवली.